बागेचा पाइप का गळतो आणि का निसटतो

एप्रिलातली सकाळ. शेजारच्या काकूंनी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत खाटेवर कुरडया घातल्या होत्या आणि मी कुंड्यांना पाणी देत होतो. फोन वाजला म्हणून पाइपाच्या टोकाची स्प्रे गन बंद केली आणि खिशात हात घातला, तोच मागं फट्ट आवाज झाला. नळावरून पाइप निसटला होता. नळाचा झोत भिंतीवर आपटून खाटेपर्यंत पोचला होता. कुरडयांचं पुढं काय झालं ते विचारू नका.

काकूंचा राग ओसरल्यावर मला वेगळीच गोष्ट खटकायला लागली. दहा मिनिटं नळ पूर्ण सोडलेला होता, तेव्हा पाइप गुमान बसला होता. मी पाणी बंद केलं आणि तेव्हाच तो निसटला. असं का व्हावं?

उन्हाळ्यात हा प्रश्न घरोघरी येतो. जोडातून बारीक धार, भिजलेले पाय, निसटणारा पाइप. त्यावर आपला उपाय ठरलेला असतो: आणखी आवळा. बहुतेक वेळा त्यानं काही होत नाही, आणि का होत नाही हे एकदा कळलं की दुरुस्ती पाच-दहा रुपयांत उरकते.

## दोन आजार, दोन औषधं

गळणं आणि निसटणं हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

नळापासून निघू. नळाच्या तोंडाला एक तुकडा फिरवून बसवलेला असतो. त्याच्या एका बाजूला आटे असतात, म्हणजे स्क्रूवर असतात तशा गोल फिरत जाणाऱ्या खाचा. दुसऱ्या बाजूला कंगोरे असलेली नळी असते, तिला दुकानात निप्पल किंवा नोझल म्हणतात. आट्यांच्या बाजूला आत रबराची चपटी चकती बसते, तो वायसर. निप्पलवर पाइप सरकवायचा आणि वरून क्लिप आवळायची. एवढाच सगळा कारखाना.

गळती बहुतेक वेळा वायसरच्या बाजूनं होते आणि पाइप निसटतो तो निप्पलच्या बाजूनं. आजार कोणत्या बाजूचा आहे ते आधी बघायचं.

## आटे पाणी अडवत नाहीत

आटे घट्ट बसले म्हणजे पाणी अडलं, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तसं नसतं. दोन तुकड्यांचे आटे एकमेकांत फिरायला हवेत, तर त्यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. ती फट चकलीसारखी गोल गोल फिरत बाहेर येते. पाणी त्याच वेटोळ्यानं निवांत बाहेर पडतं.

मग पाणी अडवतं कोण? स्वयंपाकघरात बघा. कुकरचं झाकण वाफ अडवत नाही, रिंग अडवते. झाकण आणि दांडा मिळून रिंग दाबून धरतात, बस. रिंग ताठरली आणि कडेनं वाफ यायला लागली तर आपण झाकणावर हातोडी मारत नाही, रिंग बदलतो. बागेच्या पाइपात आटे म्हणजे झाकण आणि वायसर म्हणजे रिंग. आट्यांनी वायसर दाबायचा आणि पाणी वायसरनं अडवायचं, अशी ती वाटणी आहे.

भारतीय मानक ब्युरोच्या कागदोपत्रीही हा फरक केलेला आहे. जिथं आट्यांनीच पाणी अडवायचं, त्या जोडांसाठी आयएस ५५४ हे मानक आहे. जिथं आटे फक्त धरून ठेवतात आणि पाणी दुसरंच काही अडवतं, त्यांच्यासाठी आयएस २६४३. भिंतीत बसणारा नळ पहिल्या जातीचा आणि नळाला फिरवून लावायची बागेच्या पाइपाची चाकी दुसऱ्या जातीची. दोघांना एकच औषध दिलं की घोटाळा होतो.

म्हणून गळती दिसली की पहिलं काम: नळ बंद करा, जोड सोडा आणि आत बोट घाला. वायसर आहे का ते बघा. हसू नका, निम्म्या वेळा तो नसतोच. मागच्या वेळी सोडताना पडून मोरीत वाहून गेलेला असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. असलाच तर नखानं दाबून पाहा. चांगला वायसर दबतो आणि परत फुगतो. जुना झालेला खडीसाखरेसारखा कडक लागतो, त्याच्यावर गोल चर पडलेली असते, कधी एका बाजूनं चीर गेलेली असते. तसा वायसर कितीही आवळला तरी कामाचा नाही.

## पान्ह्यानं आवळलं तर?

बिघडेल. रबर थोडं दाबलं की पाणी अडवतं. फार दाबलं की कडेनं बाहेर येतं आणि धातूच्या धारेवर कापलं जातं. आज गळती थांबल्यासारखी वाटते आणि आठवड्यानं दुप्पट होते. प्लास्टिकच्या चाकीला पान्हा लावला तर चाकीलाच तडा जातो. ती चीर केसाएवढी असते आणि दिसते फक्त पाणी सोडल्यावर.

हातानं घट्ट होईल तेवढं फिरवायचं, फार तर वर पाव फेरा. नवा वायसर असेल तर एवढं पुरतं. पुरलं नाही, तर चूक जोर कमी पडल्याची नसते. बहुधा चाकी तिरकी बसलेली असते. सुरुवातीलाच चाकी जड जायला लागली तर थांबा आणि उलटी फिरवा. एका क्षणी बारीक 'टक' असं जाणवतं, आटा आट्यात पडतो, आणि तिथून सुलटी फिरवली की चाकी लोण्यातून जावी तशी जाते. बरणीचं झाकण तिरकं बसलं की आपण हेच करतो, फक्त नळापाशी गेल्यावर विसरतो.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. वायसर ज्या कडेवर टेकतो तिथं क्षारांचा पांढरा थर साचतो. खरखरीत थरावर नवा वायसरही गळतो. तो तुकडा लिंबूफुलाच्या पाण्यात तासभर टाका आणि जुन्या टूथब्रशनं घासा. चाकूनं खरवडू नका, कारण चाकूची प्रत्येक रेघ म्हणजे पाण्याला नवी वाट.

## पण टेफ्लॉन टेप आहे की!

ही पांढरी टेप आपल्याकडे सर्व रोगांवरचा काढा झाली आहे. तिचं काम आहे आट्यांमधली फट भरायचं. म्हणजे जिथं आट्यांनीच पाणी अडवायचं आहे, तिथं ती हवीच. भिंतीतला नळ बसवताना टेप गुंडाळलीच पाहिजे. आटे आपल्या तोंडाकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायची, नाहीतर नळ फिरवताना ती उलगडून बाहेर येते.

वायसरच्या जोडात मात्र ती उपकारापेक्षा अपकार जास्त करते. जाड गुंडाळली तर चाकी पूर्ण आत जात नाही आणि वायसर दाबला जायच्या आधीच अडकते. आपल्याला वाटतं छान घट्ट झालं. घट्ट झालेली असते टेप, वायसर तसाच मोकळा राहतो. आठ-दहा वेढे घातलेली, कडेनं चिंध्या लोंबणारी आणि तरी टपटपणारी जोडणी तुम्हीही पाहिली असेल.

## आता निसटणारा पाइप

कुरडयांच्या प्रसंगाकडे येऊ. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खालच्या नळापेक्षा साधारण १२ मीटर उंच आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास १ किलो असतो. प्लंबर 'एक किलो प्रेशर' म्हणतात ते हेच. आमच्याकडे ते सव्वा किलोच्या आसपास.

नळ सोडलेला आणि पाइपाचं टोक उघडं असेल तर हे सगळं प्रेशर पाइपाच्या वाट्याला येत नाही. वाहतं पाणी इमारतीच्या पाइपांत, वळणांत आणि नळाच्या अरुंद तोंडात घासत येतं, आणि बरंचसं प्रेशर त्यातच खर्च होतं. टोक बंद केलं की पाणी थांबतं. पाणी थांबलं की घासणं थांबतं. मग टाकीपासूनचं अख्खं प्रेशर प्रत्येक जोडावर येऊन बसतं. एसटीच्या दाराशी गर्दी असते तेव्हा दार उघडं असेपर्यंत लोक आत सरकत राहतात आणि रेटा कमी असतो. दार लागलं की मागच्यांचा सगळा भार पुढच्याच्या पाठीवर येतो. बंद स्प्रे गन म्हणजे ते लागलेलं दार.

रेटा किती? अर्धा इंची पाइपाचं आतलं तोंड साधारण सव्वा चौरस सेंटिमीटर. आमच्या प्रेशरला पाइप निप्पलवरून ढकलायचा जोर दीड किलोच्या आसपास होतो. पाऊण इंची पाइपाचं तोंड २.८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जोर जवळपास साडेतीन किलो. जाड पाइप मजबूत म्हणून आपण घेतो, पण त्याला ढकलणारा जोर दुपटीहून जास्त असतो. त्यात घरी प्रेशर पंप असेल आणि तो अडीच किलोवर चालत असेल, तर पाऊण इंची पाइपावर ७ किलोंचा रेटा. सात लिटर पाण्याची बादली पाइपाला लटकवली आहे असं समजा, आणि ती धरून ठेवायला आहे फक्त एक क्लिप.

भरीला आपण गन झटक्यात बंद करतो. धावतं पाणी एकदम अडलं की क्षणभर धक्का बसतो, तो नेहमीच्या प्रेशरच्या वरचा. आणि उन्हात पडलेला पीव्हीसीचा पाइप मऊ झालेला असतो, निप्पलवरची त्याची पकड ढिली पडते. दुपारी निसटणारा पाइप सकाळी का निसटत नाही, याचं उत्तर हे. (माझा सकाळीच निसटला, पण माझ्या क्लिपची कथा निराळी आहे.)

यावर फुकटचा उपाय आहे: पाणी बंद करायचं ते नळावर, गनवर नाही. झाडाकडून झाडाकडे जाताना दोन मिनिटं गन बंद राहिली तर हरकत नाही, ती सोय त्यासाठीच असते. पण नळ सुरू ठेवून, गन बंद करून जेवायला जाणं म्हणजे आपत्तीला आवतण. काम झालं की आधी नळ बंद करा, मग गन दाबून आतलं पाणी सोडून द्या.

## पाइपाचं टोक आणि क्लिप

निसटलेला पाइप आपण तोच तिथंच परत खुपसतो. पण ते टोक आता पसरलेलं, घासलेलं आणि कडक असतं. दोन इंच कापून टाका. पाइप दोन इंचांनी तोकडा झाल्याचं कुणाच्या लक्षात येणार नाही. कापताना धारदार पातं घ्या आणि काटकोनात कापा. कात्रीनं कापलं की पाइप चेपतो, तोंड तिरकं होतं आणि एका बाजूला पकड कमी मिळते.

मग एका भांड्यात कढत पाणी घ्या आणि टोक अर्धा मिनिट बुडवा. पाइप मऊ पडतो, कंगोऱ्यांवर सहज चढतो आणि गार झाला की त्यांच्यावर आवळून बसतो. खोबरेल तेल लावून चढवायची युक्ती करू नका. जे तेल पाइप चढवायला मदत करतं, ते उतरायलाही करतं. क्लिप मात्र पाइप चढवायच्या आधी त्यात ओवून ठेवा. हे मी दर वेळी विसरतो.

क्लिप कुठं आवळायची यालाही महत्त्व आहे. अगदी काठावर आवळली तर तिच्याखाली निप्पल असतं, पण कंगोरे पुढेच राहतात, आणि कधी ती निम्मी निप्पलच्या बाहेरच असते. काठापासून बोटभर आत, कंगोऱ्यांच्या वर यायला हवी. पाऊण इंची पाइप आणि पंप असेल तर दोन क्लिपा घाला. त्यांचे स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना ठेवा, म्हणजे दाब एकाच अंगाला पडत नाही. विकत घेताना स्क्रू नीट बघा. पट्टी चकचकीत आणि गंजणारा असतो स्क्रू, असा माल बराच येतो. माझी क्लिप तसलीच होती. पट्टी अजून नव्यासारखी आहे, स्क्रूला हात लावला तेव्हा त्याचं डोकंच हातात आलं.

## तार बांधली की झालं, कशाला क्लिप?

तार धरते, पण एका रेघेवर. तेवढ्याच जागी पाइपात रुतते आणि जिथं पीळ दिलेला असतो तिथं दाब वेगळा पडतो. दोन-तीन महिन्यांत त्या रेघेवर पाइप कापला जातो. वेळ मारून न्यायला ठीक आहे.

सायकलच्या ट्यूबची पट्टी मात्र मी तारेच्या वर ठेवीन. ताणून बांधलेलं रबर चहूबाजूंनी सारखं आवळतं आणि पाइप मऊ झाला तर त्याच्याबरोबर आतही येतं, तार ते करू शकत नाही. ज्या नळाच्या तोंडाला आटेच नाहीत, अशा जुन्या गुळगुळीत तोटीवर ट्यूबची पट्टी हा कित्येक घरांचा एकमेव उपाय असतो. टोक उघडं असेल तर तो छान चालतो. स्प्रे गन लावली की मात्र टिकत नाही, कारण गुळगुळीत तोटीला कंगोरे नसतात आणि बंद प्रेशरचा रेटा आपण वर पाहिलाच. तिथं नळच बदलून घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात नोझल कॉक मागितला की पाइप लावायच्या तोंडाचा नळ मिळतो.

## अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच नव्हे

दुकानदार 'चार सूत की सहा सूत?' विचारतो. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा चार सूत अर्धा इंच आणि सहा सूत पाऊण इंच. इथवर सोपं. पण घरी येऊन अर्धा इंची नळाच्या आट्यांवर पट्टी ठेवली तर माप येतं जवळपास २१ मिलिमीटर, आणि अर्धा इंच असतो १२.७. पाऊण इंची आटा भरतो साडेसव्वीस मिलिमीटरच्या जरा आत. कारण जुनं आहे: लोखंडी पाइपांना नाव पडलं ते आतल्या भोकावरून, आणि आटे पडले बाहेरच्या अंगावर. पाइपांच्या भिंती पुढं पातळ झाल्या तरी नाव तेच राहिलं. बागेच्या पाइपाचं माप मात्र खरोखर आतलंच असतं. त्यामुळे पट्टी घेऊन दुकानात जाण्यापेक्षा जुना तुकडाच घेऊन जा.

आपल्याकडचे हे आटे इंग्रजी वळणाचे. त्यांचं मूळ जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये सुचवलेल्या ५५ अंशांच्या आट्यात आहे. अर्धा आणि पाऊण, दोन्ही मापांत इंचाला १४ आटे. अमेरिकेत बागेच्या पाइपाचा आटा वेगळा असतो, इंचाला साडेअकरा, आणि त्याचा कोन ६० अंशांचा. मुलानं किंवा भाचीनं न्यू जर्सीहून बॅगेत घालून आणलेली देखणी पितळी गन आपल्या पाऊण इंची जोडावर चढते कशी आणि गळते का, ते इथं कळतं. जाडीत अर्ध्या मिलिमीटरचाच फरक असल्यानं ती एक-दीड फेरा आनंदानं फिरते. पुढं साडेअकरा आणि चौदाचं भांडण लागतं आणि ती अडकते. जोर लावला तर प्लास्टिकचा आटा सोलून निघतो. त्या गनसाठी दोन्ही बाजूंना वेगवेगळे आटे असलेला जोडतुकडा लागतो, किंवा ती शोकेसमध्ये ठेवावी.

## टिकटिक बसणारे जोड

दाबलं की 'टक' बसणारे प्लास्टिकचे जोड आता सगळीकडे दिसतात. गार्डेना या जर्मन कंपनीनं ही पद्धत १९६८ मध्ये आणली. आत एक बारीक गोल रबरी कडी असते, तिला ओ-रिंग म्हणतात, आणि दाताळं तिला जागेवर धरतं. गळत असेल तर कडी काढून पुसा, खाचेतली माती काढा. कोरडी पडली असेल तर सिलिकॉनचं ग्रीस चालतं. चिरली असेल तर नवी घाला. जोड आपोआप सुटत असेल तर दाताळ्यात वाळूचे कण अडकलेत का बघा. दात झिजले असतील तर अख्खा जोड बदला, तिथं दुरुस्तीला जागा नाही.

## पाणी टपकतं एकीकडे, गळतं दुसरीकडे

पाणी पाइपाच्या पोटाखालून वाहत जातं आणि सगळ्यांत खालच्या जागी थेंब होऊन पडतं. म्हणून थेंब दिसतो तिथं आजार असेलच असं नाही. सगळं फडक्यानं कोरडं करा, प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राचा कपटा गुंडाळा, गन बंद ठेवून नळ हळूहळू उघडा. जो कपटा आधी काळा पडेल तो जोड.

एक फसवी जागा म्हणजे नळाची मूठ. एरवी कधी न गळणारा नळ, गन बंद केली की मुठीच्या मुळाशी पाझरायला लागतो. पाइपाला दोष देऊ नका. नळ उघडा आणि पुढची वाट बंद, अशा वेळी मुठीच्या दांड्याभोवतीच्या आवरणावरही पूर्ण प्रेशर येतं. जुन्या पद्धतीच्या नळात मुठीखालची चाकी पान्ह्यानं अगदी थोडी, अष्टमांश फेरा, आवळली की बहुधा थांबतं. एवढ्या एका जागी आवळणं हे खरं औषध आहे.

## एवढ्याशा थेंबासाठी कशाला?

सेकंदाला एक थेंब धरा, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे चार लिटरच्या वर पाणी. पाइप दिवसभर नळाला लावलेला आणि नळ उघडा राहत असेल, तर महिन्याला सव्वाशे लिटर. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि थेंबापेक्षा वाईट म्हणजे भिंत. नळाच्या मागचा प्लास्टर ओला राहतो, पोपडे धरतो, आणि ती दुरुस्ती वायसरच्या किमतीत होत नाही.

मी आता वायसर एकदम पाच-सहा घेतो. नळाशेजारी खिळ्याला तारेत ओवून टांगलेले असतात, अर्धा इंची आणि पाऊण इंची वेगवेगळ्या तारांत. काकूही मागायला येतात. येताना खाट कुठं ठेवायची ते मात्र आधी विचारतात.